विरोध करण्याची रीत

चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी मराठी वाचकाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहेत. शाळेच्या पुस्तकात ते पहिले आणि शेवटचे भारतीय गव्हर्नर जनरल म्हणून भेटतात. पुष्कळ घरांत त्यांचे इंग्रजी महाभारत असते. भारतीय विद्या भवनाने ते १९५१ मध्ये मुंबईतूनच काढले. गांधीजींचे व्याही ही आणखी एक ओळख. अर्थकारणाच्या चर्चेत ‘लायसन्स-परमिट राज’ हे शब्द आले की त्यांचे नाव निघते. या ओळखी खऱ्या आहेत, पण आयुष्याच्या शेवटच्या पर्वात राजाजींनी जीव ओतून जे काम केले ते त्यांत कुठेच दिसत नाही. १९५६ मध्ये खासा सुब्बा राव यांनी मद्रासला ‘स्वराज्य’ साप्ताहिक सुरू केले, तेव्हा राजाजी सत्याहत्तर वर्षांचे होते. मिळवण्यासारखे एकही पद उरले नव्हते, दोन वर्षांपूर्वी भारतरत्नही मिळालेले होते. त्या वयात त्यांनी लेखणी उचलली आणि आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या सरकारविरुद्ध अखेरपर्यंत लिहीत राहिले. त्या लेखनातले निवडक लेख या संग्रहात मराठीत येत आहेत.

राजाजींचा वारसा सांगणारे आज थोडे नाहीत. १९९१ मध्ये परवाने सुटले, बाजार खुला झाला, तेव्हापासून ‘म्हातारा बरोबर बोलत होता’ असे म्हणण्याची पद्धतच पडली आहे. ते खरेही आहे. पण हा वारसा निम्मा आहे. त्यांची आर्थिक मते देशाने उशिरा का होईना, बऱ्याच अंशी स्वीकारली. विरोध कसा करावा याची त्यांची रीत मात्र आपण टाकून दिली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची होती. प्रतिपक्षाचे धोरण मुळापासून खोडून काढायचे आणि प्रतिपक्षाच्या माणसाविषयीचा आदर तसूभरही कमी होऊ द्यायचा नाही, अशी ती रीत. ऐकायला सोपी, आचरायला महाकठीण. स्वतः राजाजींना आणि त्यांच्या पक्षालाही ती शेवटपर्यंत निभावता आली नाही. तो भागही या प्रस्तावनेत यायला हवा.

राजाजींना ‘कन्झर्व्हेटिव्ह’ म्हटले की आपल्याकडे लगेच सोवळ्याओवळ्यातला सनातनी डोळ्यांपुढे येतो. त्यासाठी १६ जून १९३३ चा पुण्यातला एक विवाह आठवावा. जागा पर्णकुटी, लेडी ठाकरसींचा बंगला. एकवीस दिवसांच्या उपोषणातून गांधीजी नुकतेच उठलेले. वर त्यांचा मुलगा देवदास, वधू राजाजींची मुलगी लक्ष्मी. वधू ब्राह्मण आणि वर वैश्य, म्हणजे जुन्या शास्त्राच्या हिशेबाने प्रतिलोम विवाह, निषिद्धातला निषिद्ध. दोघांच्या वडिलांनी त्यांना आधी काही वर्षे थांबायला लावले होते. मन टिकते का ते पाहू, असे सांगून. मन टिकले. पौरोहित्य केले वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी. शास्त्र जाणणाऱ्या पंडिताने शास्त्रानेच वर्ज्य मानलेला विवाह लावावा, कर्मठ अय्यंगार घराण्यातल्या बापाने तो मान्य करावा, आणि तरीही विधी, मंत्र, वडीलधाऱ्यांची संमती, थांबण्याची अट, सगळे जागच्या जागी असावे. राजाजींचा परंपरावाद या एका प्रसंगात पुरता दिसतो. बदलाला त्यांची ना नव्हती. बदल माणसांच्या संमतीने, सावकाश आणि आधीचे उखडून न टाकता व्हावा, एवढा त्यांचा आग्रह होता.

सरकार चालवतानाही त्यांचा हाच पिंड होता. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाल्यावर त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली, महसुलाची तूट भरून काढायला १९३९ मध्ये विक्रीकर बसवला, आणि हरिजनांच्या मंदिरप्रवेशाला कायद्याचे संरक्षण दिले. पुढे सरकारी हस्तक्षेपाचे सर्वांत मोठे टीकाकार ठरलेल्या माणसाने देशातल्या पहिल्यावहिल्या सर्वसाधारण विक्रीकरांपैकी एक बसवला होता, हे त्यांचे नाव घेणाऱ्या मुक्त अर्थव्यवस्थावाल्यांनी लक्षात ठेवलेले बरे. १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी धान्यावरचे रेशनिंग उठवले. साठेबाजी होईल, भाव भडकतील, अशी भीती सर्वांना होती. तसे झाले नाही. नियंत्रणाविषयीचा त्यांचा अविश्वास या अनुभवातून पक्का झाला, पुस्तके वाचून नव्हे.

पण याच कारकिर्दीत त्यांनी सर्वांत मोठी चूक केली. १९५३ च्या प्राथमिक शिक्षण योजनेत मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा, असे ठरले. शाळा कमी, मास्तर कमी, पैसा कमी, मुले अफाट. त्या अडचणीतून काढलेली ही वाट होती असे त्यांचे समर्थक सांगतात. असेल. पण कुंभाराच्या मुलाने कुंभार व्हावे आणि न्हाव्याच्या मुलाने न्हावी, असाच अर्थ तिथल्या ब्राह्मणेतर समाजाने घेतला आणि तो घेणे रास्त होते. जातीचा इतिहास पाठीशी असलेल्या देशात ‘बापाचा धंदा’ निरुपद्रवी राहूच शकत नाही. पेरियार आणि अण्णादुराई यांच्या पक्षांनी रान उठवले, काँग्रेसमधूनही विरोध झाला, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली. शिवाय १९५२ मध्ये ते निवडून आले नव्हते. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले होते. लोकशाहीच्या संकेतांविषयी एवढे काटेकोर लिहिणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही गोष्ट खटकते, आणि ती झाकून त्यांची थोरवी वाढणार नाही. वाचकाने ‘स्वराज्य’मधले लेख या जखमेच्या पार्श्वभूमीवर वाचावेत. सत्तेवरचा माणूस चांगल्या हेतूनेही किती चुकू शकतो, हे लिहिणाऱ्याने स्वतः भोगलेले आहे.

१९५७ पासून ते एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगांनी मांडत होते: काँग्रेसला समर्थ विरोधक नाही, आणि असावा तो उजव्या बाजूचा असावा. डाव्या बाजूने टीका करणारे काँग्रेसला त्याच दिशेने आणखी वेगाने ढकलतात. गाडी थांबवून ‘हा रस्ता बरोबर आहे का’ असे विचारणारा कुणी नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले आणि त्यात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करायच्या, शेती सामाईक कसायची. चरणसिंगांनी तिथेच कडाडून विरोध केला. राजाजींचा पक्ष या ठरावातून जन्मला. जूनमध्ये मद्रासला स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये मुंबईत पहिले अधिवेशन भरले. शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष, मिनू मसानी, कन्हैयालाल मुनशी आघाडीवर.

ठराव नागपूरचा, अधिवेशन मुंबईचे, पण पक्षाला महाराष्ट्रात मूळ धरता आले नाही. याचे कारण मला साखर कारखान्यांत दिसते. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी कारखाना सहकारी काढला, जमीन मात्र ज्याची त्याच्याकडे राहिली. त्यामुळे सहकाराच्या नावाने इथल्या बागायतदाराच्या पोटात गोळा आला नाही. उलट त्याची सत्ता त्यातूनच उभी राहिली आणि यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने ती सामावून घेतली. राजाजी सामाईक कसण्याविरुद्ध बोलत होते. इथे तसे कुणी कसतच नव्हते.

तरीही या पक्षाच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो नाशिकच्या तुरुंगापासून सुरू होतो. १९३२-३३ मध्ये तिथे जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी एकत्र कैदेत होती आणि त्यांच्या वादचर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्यांच्यात मिनू मसानीही होते. हाच माणूस पुढे सोव्हिएत राजवटीचा अनुभव पाहून समाजवादापासून दूर गेला आणि पंचवीसेक वर्षांनी राजाजींचा उजवा हात झाला. मत बदलले म्हणून जुन्या सोबत्यांशी त्यांचे बोलणेचालणे संपले नाही. आज मत बदलणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या शिव्या खाव्या लागतात, आणि बहुतेक वेळा मत बदलण्यामागे मत नसतेच, पद असते. त्यामुळे खरोखर विचार करून बदललेला माणूस ओळखण्याची आपली नजरच मेली आहे.

स्वतंत्र पक्षाच्या मूलभूत तत्त्वांत एक तरतूद होती, तिच्याकडे मी वाचकाचे खास लक्ष वेधू इच्छितो. पक्षाच्या मूळ तत्त्वांत न बसणाऱ्या कोणत्याही प्रश्नावर सदस्याने आपल्या बुद्धीप्रमाणे बोलावे आणि मत द्यावे, पक्ष त्याला बांधणार नाही. दारूबंदीवर राजाजी आणि मसानी यांचे कधीच पटले नाही आणि दोघे एकाच पक्षात राहिले. संसदेतल्या वादाला अर्थ यायचा तर बोलणाऱ्याचे मत बदलण्याची निदान शक्यता हवी. भाषण ऐकायच्या आधीच मत ठरलेले असेल तर भाषण कुणासाठी? राजाजींनी हे ओळखून ते पक्षाच्या तत्त्वांतच घातले.

ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला, स्वतंत्र भारतातला पहिला. मांडणारे आचार्य कृपलानी. मसानी त्याच उन्हाळ्यात राजकोटची पोटनिवडणूक जिंकून आले होते, लोहिया फर्रुखाबादहून. ठराव पडणार हे आधीपासून दिसत होते (तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला), तरी चार दिवस, एकवीस तासांहून अधिक चर्चा झाली. चीनकडून झालेला पराभव ताजा होता, नेहरू खचलेले होते, आणि ते सभागृहात बसून ऐकत होते. याच काळात लोहियांनी सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असा हिशेब मांडला. सरकारी बाजूने पंधरा आण्यांचा आकडा पुढे आला. मग तीन की पंधरा यावर देशभर वाद झडला. कुणी लोहियांना देशद्रोही म्हटले नाही. त्यांचा हिशेब तपासला. गरीब माणसाच्या ताटात किती पडते, हा राष्ट्रीय वादाचा विषय होऊ शकला, कारण दोन्ही बाजूंनी आकड्याला आकड्याने उत्तर दिले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नेहरू गेले. राजाजींनी ‘स्वराज्य’मध्ये छोटासा मजकूर लिहिला: माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, देशाला माझ्याहून अकरा पटींनी मोलाचा आणि लोकांना अकराशे पटींनी प्रिय असा माणूस गेला, अशा आशयाचा. दहा वर्षे त्यांच्या धोरणांशी आपण झगडलो, पण ती सुधारू शकणारा माणूसही तेच एक होते, असेही त्यात आहे. मराठी वाचकाला इथे १९१५ चा फेब्रुवारी आठवावा. गोखल्यांच्या चितेपाशी टिळक बोलायला उभे राहिले होते. दोघांचे उभे आयुष्य एकमेकांविरुद्ध गेलेले, आणि टिळकांनी तिथे गोखल्यांचे अनुकरण करा म्हणून लोकांना सांगितले. राजाजींच्या वाट्यालाही असा विरोधक आला. १९७२ च्या डिसेंबरात त्यांच्या अंत्यसंस्काराला पेरियार चाकांच्या खुर्चीतून आले. नास्तिक, ब्राह्मणशाहीचे कट्टर वैरी, १९५३ च्या योजनेविरुद्ध रान पेटवणारे, नव्वदी ओलांडलेले पेरियार तिथे ढसाढसा रडले.

राजाजी मवाळ मुळीच नव्हते. १९५२ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट हे आपले पहिल्या क्रमांकाचे शत्रू असल्याचे उघड सांगितले. त्यांची वाक्ये आखूड असत आणि वर्मी लागत. सौम्य शब्द म्हणजे चांगली चर्चा, असा गैरसमज हा संग्रह वाचून दूर व्हावा. चर्चा खालावते ती प्रतिपक्षाच्या म्हणण्याचे ओझे उचलायला आपण नकार देतो तेव्हा.

ही घसरण स्वतंत्र पक्षाच्या आतही झाली. १९६७ मध्ये लोकसभेत त्याचे ४४ सदस्य होते. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा पक्षाचे रुस्तम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरला. वाद घालण्याची ती उत्तम तऱ्हा होती. पण १९७१ च्या निवडणुकीत पक्ष संघटना काँग्रेस, जनसंघ आणि समाजवाद्यांबरोबर बड्या आघाडीत गेला. या पक्षांना एकत्र धरणारा आर्थिक विचार कुठलाच नव्हता; होती ती इंदिरा गांधींना हटवण्याची घोषणा. त्यांनी गरिबी हटवण्याची घोषणा देऊन उत्तर दिले आणि लोकांनी दोहोंतली कुठली निवडायची ती निवडली. स्वतंत्र पक्षाचे आठच सदस्य उरले. इतकी वर्षे धोरणांवर लिहिणारा नेता अखेरीस एका व्यक्तीविरुद्धच्या मोहिमेत सामील झाला, याचे मला फार वाईट वाटते. व्यक्तीला लक्ष्य करणारे राजकारण आज सगळीकडे दिसते. त्याची एक वाट याही दारावरून गेली.

१९७४ मध्ये पक्ष विसर्जित झाला. आणीबाणीत मसानींच्या मुंबईतल्या ‘फ्रीडम फर्स्ट’चा मजकूर सेन्सॉरने अडवला, ते उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये खंडपीठाने सरकारवरच्या टीकेचा हक्क उचलून धरला. सर्वांनी एका सुरात बोलावे हे बघणे सेन्सॉरचे काम नाही, असे मुंबईच्या न्यायमूर्तींनी त्या काळात बजावले. मग १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आला. हेतू घोडेबाजार थांबवण्याचा. तो थांबला नाही, हे महाराष्ट्राने २०२२ नंतर जेवढे जवळून पाहिले तेवढे क्वचितच कुणी पाहिले असेल. पण व्हिपविरुद्ध मत देणारा सदस्य घरी जाऊ लागला. राजाजींनी जी मोकळीक पक्षाच्या तत्त्वांत लिहून ठेवली होती, ती राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने सर्वांसाठीच बंद केली. बैठकाही कमी होत गेल्या: पहिल्या लोकसभेच्या ६७७ झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. दोष केवळ वाहिन्यांना आणि मोबाईलला देऊन चालणार नाही. वाद घालायची जागाच आपण आधी आक्रसून टाकली.

त्या जुन्या रीतीचे अलीकडचे एक उदाहरण महाराष्ट्रातले आहे. शेतकरी नेते शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, नावापासून राजाजींचे ऋण मान्य करत. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले. ते एक मत जोशींचे. हा माणूस बायकांच्या हक्कांचा वैरी नव्हता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन त्यांनीच भरवले होते, आणि ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावले होते. आक्षेप होता तो राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीला: एकदा निवडून आलेल्या बाईला पुन्हा तिथून उभे राहता येणार नसेल तर ती मतदारसंघ बांधेल कशासाठी? मला स्वतःला ते विधेयक हवे होते. पण हा प्रश्न खरा होता, आणि तो सभागृहात मताच्या रूपाने नोंदवायला एकच माणूस उभा राहिला.

आजच्या काळात राजाजींवर हक्क सांगणाऱ्यांनी त्यांचे सगळे लेखन वाचावे, अशी माझी विनंती आहे. १९४२ च्या ‘चले जाव’ला त्यांचा विरोध होता. मुस्लिम लीगशी तडजोडीचे सूत्र १९४४ मध्ये त्यांनी मांडले. १९६२ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, अण्वस्त्रचाचण्या थांबवा असे सांगायला ते केनेडींना भेटले. १९६४ मध्ये शेख अब्दुल्लांशी बोलून काश्मीरचा प्रश्न सोडवण्याच्या नेहरूंच्या प्रयत्नाला त्यांनी पाठिंबा दिला. १९३७-३८ मध्ये शाळांत हिंदी सक्तीची करणारे राजाजी पुढे हिंदीच्या सक्तीविरुद्ध ठामपणे उभे राहिले. यांतले एकेक मत आज मांडणाऱ्याला संध्याकाळपर्यंत गद्दार ठरवले जाईल, आणि ठरवणाऱ्यांत राजाजींचे फोटो लावणारेही असतील. डाव्या बाजूच्या वाचकालाही माझे हेच सांगणे आहे: संस्थानिकांचा आणि भांडवलदारांचा पक्ष म्हणून त्यांना बाजूला सारणे सोपे आहे. जयपूरच्या गायत्रीदेवी त्या पक्षात होत्या, हे खरे. जमीन जाईल म्हणून धास्तावलेला आंध्रातला साधा शेतकरीही होता.

वेल्लोरच्या तुरुंगात १९२२ मध्ये लिहिलेल्या रोजनिशीत राजाजींनी म्हणून ठेवले आहे की स्वराज्य आले तरी निवडणुका, भ्रष्टाचार, अन्याय आणि पैशाची मस्ती यांनी लोक पिळून निघतील. तो उतारा आजकाल भविष्यवाणी म्हणून फिरत असतो. त्याच नोंदीत त्यांनी उपायही सांगितला आहे, सर्वांना नीतीचे शिक्षण देण्याचा, आणि तो भाग गाळला जातो. उतारे असे तोडून वाचायची सवय या संग्रहापुरती तरी सोडावी.

एक सूचना वाचनाविषयी. हे लेख एकटे वाचू नयेत. ज्यांना उद्देशून ते लिहिले त्यांची बाजूही शेजारी ठेवावी. नेहरू १९४७ पासून मुख्यमंत्र्यांना दर पंधरवड्याला पत्रे पाठवत असत. नियोजन, शेती, परराष्ट्र धोरण, सर्व विषयांवर सविस्तर. ती पाच खंडांत छापलेली आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. त्यांतली १९५२ ते १९५४ मधली पत्रे ज्या मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर पोचत होती, त्यांत मद्रासचे राजाजीही होते.